पाण्याची पाळी, वाऱ्याची पाळी



या सदरात आपण बहुधा छाटणी, खते आणि रोगकिडी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. आज सायकलीविषयी बोलायचे आहे. आणि तेही एकट्यादुकट्याच्या सायकलीविषयी नव्हे, तर दहा-पंधरा जणांनी ठरवून, मिळून, एका चालीने सायकलवर बाहेर पडण्याविषयी. शहरांत याला सायकल क्लब म्हणतात. कवठे महांकाळसारख्या बागायती आणि दुष्काळी अशा दोन्ही तोंडांच्या तालुक्यात त्याचे काय काम, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आजचे हे लिहिणे.

पहिली अडचण लाजेची असते. मध्यंतरी ढालगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांशी हा विषय निघाला. ते हसून म्हणाले, “साहेब, सायकल सुटून गाडी यायला आमच्या वडिलांची हयात गेली. आता मी परत सायकलवर बसलो तर लोक म्हणतील, आण्णांची बाग गेली वाटतं!” मी म्हणालो, “आण्णा, एकट्याने बसलात तर म्हणतील. दहा जण बसलात तर म्हणतील, आम्हालाही येऊ द्या.” ते पुन्हा हसले, पण त्यांच्या बोलण्यातला ‘बाग गेली वाटतं’ हा शब्द माझ्या ध्यानात राहिला. त्याविषयी पुढे बोलू.

खरे पाहिले तर सायकल आणि शेती यांचे नाते आपल्या मुलखात जुने आहे. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली बेळगावात दुकान काढले ते सायकलींचे. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा होता. त्यांच्याच उद्योगातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे आपल्या जमिनीत जो लोखंडी नांगर चालला, त्याचे आजोळ सायकलीचे दुकान आहे. पुढे कित्येक वर्षे गावचे मास्तर, पोस्टमन, दूध घालणारे आणि आमच्या खात्याची जुनी माणसे सायकलवरूनच गावोगाव फिरली. मग गाड्या आल्या. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. आणि योगायोग पाहा, २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. घरोघरी दिसणारे ते नाव असे मागे पडले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मिळून सायकल चालवण्यात असे काय आहे, की जे एकट्याने चालवण्यात नाही?

आपल्या तालुक्याला वाऱ्याची ओळख करून द्यायला नको. ढालगाव परिसरातल्या पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की मिरजेच्या दिशेने निघालेल्या सायकलस्वाराला उतारावरसुद्धा पायडल मारावे लागते. सपाट रस्त्यावर जोरात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो. समोरून वारा आला तरी हिशेब तोच.

पण पुढे एक जण असेल आणि आपण त्याच्या आडोशाला असलो, तर ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला मागच्याची साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. आपल्या साध्या चालीला हा फायदा थोडा असतो, पण समोरचा वारा असेल तर तो लगेच जाणवतो. पानमळ्याला किंवा केळीच्या बागेला आपण वाऱ्याच्या अंगाला शेवरी लावतो. शेवरी वारा झेलते आणि आतली पाने फाटत नाहीत. सायकलींच्या रांगेत पुढचा माणूस म्हणजे शेवरी. फरक एवढाच की शेवरीला सुटका नाही. माणसांच्या रांगेत मात्र पाळी लावता येते.

ती पाळी अशी असते. पुढचा माणूस थोडा वेळ वारा झेलतो. मग मागे वाहन नाही हे पाहून बाजूला होतो, रांगेला पुढे जाऊ देतो आणि शेवटाला जाऊन लागतो. आता दुसऱ्याची पाळी. तगड्या माणसाने थोडी लांब पाळी घ्यावी, दमलेल्याने आखूड घ्यावी, पण पाळी असते सर्वांना. विहिरीत भाऊहिस्से असणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पाण्याची पाळी ज्याला कळते त्याला वाऱ्याची पाळीही कळते. एक गोष्ट मात्र उलट आहे. पाण्याची पाळी आपण आपल्यासाठी मागून घेतो. वाऱ्याची पाळी दुसऱ्यासाठी घ्यायची असते.

या मिळून चालवण्याला परदेशातही जुना इतिहास आहे. फ्रान्समध्ये १९०४ साली ‘ऑडॅक्स’ नावाने लांब पल्ल्याच्या सायकल सहली सुरू झाल्या. त्यांत एक म्होरक्या असे, त्याने ठरवलेल्या चालीने सर्वांनी जायचे आणि त्याच्या पुढे कोणी निघायचे नाही, असा दंडक होता. त्याच परंपरेतून निघालेल्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या सहली आज आपल्याकडेही होतात. त्यांत प्रत्येक जण आपापल्या चालीने जातो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. आणि मला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोहोचलेले सारे सारखेच.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण नाशिकचे आहे. नाशिकच्या सायकलस्वारांनी पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ च्या सुमारास पंढरपूरची सायकल वारी सुरू केली. नाशिकहून अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, तिथून टेंभुर्णी आणि मग पंढरपूर असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा रस्ता. मूठभर माणसांनी सुरू केलेल्या या वारीत पुढे शेकडो माणसे येऊ लागली. त्यांत डॉक्टर आहेत, नोकरदार आहेत, घर सांभाळणाऱ्या बायका आहेत. पंढरपुरात सायकलींचे रिंगणही धरले जाते. ही कल्पना आपल्याला परकी नाही. दिंडी म्हणजे तरी काय? पुढे पताका, मध्ये वीणेकरी, एका चालीने चालणारी माणसे, आणि कोणाच्या पायाला फोड आला तर त्याला सांभाळून नेणारी बाकीची मंडळी. वारकऱ्याला कोणी ‘तू कितवा आलास’ असे विचारत नाही.

त्याच नाशिकच्या दोन भावांनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी, २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यांना ८ दिवस १४ तास ५५ मिनिटे लागली. ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिली भारतीय जोडी. एक भाऊ सायकलवर असे तेव्हा दुसरा विसावा घेई. मग पाळी बदले. सोबत गाडीतून चालणारी, खाणेपिणे आणि रस्ता सांभाळणारी माणसे वेगळीच. नाव दोघांचे झाले, पण रस्ता सर्वांनी मिळून कापला. आपल्याकडे दोन भावांत बांधावरून कज्जे चालतात, म्हणून ही हकीकत मुद्दाम सांगितली.

आणि आपल्या तालुक्यातला सर्वांत जुना सायकल क्लब कोणता, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, वाडीवस्तीवरून हायस्कुलाला निघालेल्या मुलींचा. एकीची चेन पडली की चौघी थांबतात. एकीला उशीर झाला की बाकीच्या तिच्या बांधाशी उभ्या राहून हाका मारतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले की त्यामुळे त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेत नाव घालण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. याचे एक कारण अंतर कमी वाटू लागले हे तर आहेच. पण मुली घोळक्याने जाऊ लागल्या, त्यामुळे घरच्यांची धास्ती कमी झाली, हेही आहे. सायकल एकटीला मिळाली असती तर कदाचित दाराशीच उभी राहिली असती. सर्वांना मिळाली म्हणून ती रस्त्यावर आली.

आता त्या आण्णांच्या बोलण्याकडे वळतो.

पूर्वी आपली शेतीच अशी होती की माणसाला माणसावाचून चालत नसे. पेरणीला पैरा असे. आज तुमचे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुमच्या. कोणाचे काम अडले तर इर्जिक घालून अख्खी आळी त्याच्या रानात उतरे. मोट गेली, इंजिन आले, वीजपंप आले. म्हैसाळच्या योजनेचे पाणी आले, ठिबक झाले. आता मोबाईलवरून मोटार सुरू करता येते. हे सारे चांगलेच झाले आणि ते व्हावे म्हणून आमच्या खात्यानेही खटपट केली. पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. दिवसभर शेजारच्या रानातला माणूस दिसला नाही तरी काही अडत नाही. द्राक्षबाग तर एकट्याचेच पीक झाले आहे. फळछाटणीपासून माल निघेपर्यंतचे चार-साडेचार महिने माणूस मांडवाखाली एकटा. कर्ज त्याचे एकट्याचे, आभाळाकडे पाहणे एकट्याचे, आणि अवेळी पाऊस झाला तर रात्रभर जागणेही एकट्याचे.

पंचनाम्यासाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. बाग गेलेला माणूस सर्वांत आधी काय सोडतो? औषधपाणी सोडत नाही, बाजार सोडत नाही. तो कट्ट्यावर येणे सोडतो. ‘बाग गेली वाटतं’ हे शब्द कानावर पडू नयेत म्हणून तो आडरस्त्याने घरी जातो. आणि तो आला नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. कारण कट्ट्यावर हजेरी नसते.

सायकलींच्या रांगेत मात्र हजेरी असते. मिळून निघालेल्यांचा पहिला नियम हा की प्रत्येक फाट्यावर थांबायचे, माणसे मोजायची, आणि शेवटचा आल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. दहा निघाले आणि नऊ आले तर कोण मागे राहिला, हे दोन मिनिटांत कळते. मग एक जण मागे वळतो. पंक्चर असेल तर पंक्चर काढतो, दम लागला असेल तर दम खाऊ देतो. मला वाटते, सायकलीने पोट कमी होते हा तिचा लहान फायदा आहे. मोजणारी माणसे मिळतात हा मोठा.

म्हणून माझी सूचना अशी आहे. गावात अशी रांग निघू लागली तर तिने एक जादा नियम पाळावा. एखादा दोन रविवार आला नाही, तर तिसऱ्या रविवारी रांग त्याच्या वस्तीवरून न्यावी. उपदेश करू नये, हिशेब विचारू नये. “आबा, चहा ठेवा,” म्हणून ओसरीवर बसावे, बागेत एक चक्कर टाकावी आणि निघताना म्हणावे, “पुढच्या रविवारी तुमची सायकल आम्ही पुसून ठेवतो.” मनावरचे ओझे फारच वाढले आहे असे दिसले, झोप-जेवण तुटले असेल, निरवानिरवीची भाषा असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे सोबत घेऊन जावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो प्रत्येकाने आपल्या मोबाईलमध्ये लिहून ठेवावा.

आता प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी ते सांगतो.

सायकल घरातली जुनी चालेल. नवी साधी सायकल मोटारसायकलीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. महागड्या गिअरच्या सायकलीच्या मागे लागू नये. दोन्ही ब्रेक नीट लागतात का, चेन ढिली नाही ना, हवा पुरेशी आहे ना, एवढे आदल्या रात्री पाहावे. बैठक फार खाली ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, त्याने गुडघे दुखतात. पायडल पूर्ण खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक वर घ्यावी.

माणसे पाच-सहा असली तरी पुरे. रस्त्याची माहिती असलेला एक पुढे आणि खंबीर असा एक शेवटाला ठेवावा. पंप, पंक्चरचे सामान आणि पाना या शेवटच्याकडे असावा, कारण अडचण नेहमी मागेच होते. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याला झेपेल ती ठेवावी. ताशी बारा-पंधरा किलोमीटर झाले तरी दीड तासात वीस किलोमीटर होतात. नवशिक्यांनी पुढच्या सायकलीला चिकटून चालवू नये. एक सायकलभर अंतर ठेवावे. खड्डा, कुत्रे, समोरून गाडी दिसली की पुढच्याने हाळी द्यावी आणि ती मागेपर्यंत पोहोचवावी.

रस्ता निवडताना रत्नागिरी–नागपूर महामार्ग शक्यतो टाळावा. तो चौपदरी आणि वेगाचा रस्ता आहे. आपल्या गावांना जोडणारे आतले रस्ते सायकलीला उत्तम. जिथे जातील तिथे डाव्या कडेने, एकामागे एक चालावे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांपासून दूर राहावे. पहाटे निघणाऱ्यांनी मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी लावावी, डोक्याला शिरस्त्राण असावे. सराव झाल्यावर मिरज आणि आपल्या तालुक्याच्या शिवेवर असलेल्या दंडोबाच्या डोंगराकडे जावे. चढावर उतरून सायकल ढकलायची लाज धरू नये; मात्र सर्वांनी मिळून ढकलावी.

जायचे कुठे, हा प्रश्न पडला तर प्रत्येक रविवारी एकेकाची बाग ठरवावी. चार जाणत्या डोळ्यांना पानामागची डाऊनीची बुरशी लवकर दिसते आणि एकाने केलेला प्रयोग दहा जणांना पाहायला मिळतो. नुकतीच फवारणी झालेल्या बागेत मात्र शिरू नये. छाटणीच्या आणि डिपिंगच्या दिवसांत कोणी आला नाही तर बोल लावू नये. फोन करून खुशाली तेवढी विचारावी. भगिनींनी आपली रांग वेगळी काढली तरी चालेल, घरच्यांबरोबर निघाल्या तरी चालेल. पण ‘आता या वयात कुठे’ असे म्हणून मागे राहू नये.

प्रकृतीविषयी एवढेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. रविवारच्या एका फेरीत त्यातली निम्म्याहून अधिक होते. उरलेली मधल्या दिवसांत, रानात सायकलवर जाऊन भरून काढता येते. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि एकदम लांब जाऊ नये.

वर्गणी, पदे, अध्यक्ष, बॅनर यांच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. आपल्याकडे मंडळ निघण्याआधी त्याचा अध्यक्ष ठरतो आणि अध्यक्ष ठरताना मंडळ फुटते. रांगेला म्होरक्या लागतो तो रस्त्यापुरता, आणि तोही पाळीने बदलणारा.

तेव्हा येत्या रविवारी निदान शेजारच्या दोघांना विचारून पाहा. निघाल्यावर कोणत्या अडचणी आल्या, कोणता रस्ता चांगला वाटला, कोणाची बाग पाहिली, ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या अंकात खरडछाटणीनंतरच्या विरळणीविषयी बोलू. तोवर रामराम.